कॅन्सर, शरीर आणि जवळीक : दवाखान्यात न विचारले जाणारे प्रश्न

(रत्नागिरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी चिठ्ठ्यांवर विचारलेल्या प्रश्नांपैकी काही शेवटी घेतले आहेत.)

फलक रंगवायला देण्यापूर्वी आयोजकांनी आम्हाला दोनदा फोन केला होता. ‘लैंगिक’ हा शब्द ठेवायचाच का, ‘कॅन्सरनंतरचं जीवन’ असं लिहिलं तर नाही चालणार का? आम्ही म्हटलं, ठेवाच. ‘कॅन्सरनंतरचं जीवन’ म्हटलं की आहार, चालणं, प्राणायाम आणि मन प्रसन्न ठेवा, एवढं ऐकून लोक घरी जातात. ज्या गोष्टीपायी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, ती तशीच राहते.

आम्ही तिघं आहोत. एक कॅन्सरवर उपचार करणारी डॉक्टर, एक नर्स आणि एक समुपदेशक. बोलतोय एक जण, पण तिघांच्या वतीनं, म्हणून ‘आम्ही’. आणि एक आधीच सांगून ठेवतो. आज ज्या रुग्णांच्या हकिगती सांगू, त्यांतलं गाव, वय, नातं सगळं बदललेलं आहे. आपला जिल्हा तसा लहान. राजापूरच्या माणसाची गोष्ट सांगितली की गुहागरची बाई म्हणते, हा तर माझ्या जावेचा भाऊ! तेव्हा ओळखायचा प्रयत्न करू नका, चुकाल.

पहिली हकिगत आमच्या चुकीची आहे, म्हणून तीच आधी.

चाळिशीतली एक बाई. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर. बाहेरून शेक झाला, सोबत आठवड्याला एक किमो, मग आतून रेडिएशन. सगळं व्यवस्थित पार पडलं, गाठ गेली. बाई गावी परतली. नवरा मुंबईला नोकरीला. आपल्याकडे हे नवीन नाही. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंब्याच्या दिवसांत येतो. नवरा-बायकोचा संसार असा सणावारांत वाटलेला असतो. तर हा गणपतीला आला. बाईची पथारी माजघरात सासूशेजारी, ह्याची पडवीत. शिमग्यालाही तेच. असे दोन-अडीच वर्षं गेले.

मध्यंतरी तपासणीला येणं तिनं बंद केलं होतं. एक दिवस आली ती पोटात दुखतं म्हणून. आतून तपासायला गेलो तर तपासणीचं साधन आत जाईना. योनिमार्ग आक्रसून बोटभरही राहिला नव्हता. आम्ही विचारलं, “ताई, घरी एकत्र असता का?” ती म्हणाली, “आता कसलं? तुम्हीच तर बंद केलंत.”

आम्ही? फाईल काढली. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती. सहा आठवडे शरीरसंबंध टाळावा. ते कार्ड घरी वाचून दाखवलं होतं बारावीतल्या पुतण्यानं, सगळ्यांदेखत, ओटीवर. पोरगं लाजलं, ‘संबंध ठेवायचा नाही’ एवढं कसंबसं म्हणालं आणि पुढं सरकलं. सहा आठवडे गाळले गेले. त्या दोन शब्दांपायी दोन-अडीच वर्षं.

नंतर नवऱ्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, “मला वाटलं, मी जवळ गेलो तर रोग उलटेल.” आणि तिला वाटत होतं की ह्याला आता माझी किळस येते, मुंबईत दुसरी कुणीतरी असेल. दोघंही एकमेकांना जपत होते, आणि दोघंही आतून झिजत होते. ह्यात त्या पुतण्याची चूक नाही, सासूची नाही, नवऱ्याची तर नाहीच. कार्ड आमचं होतं. भाषा आमची होती. आणि खरं सांगायचं तर तिला योनिमार्ग मोकळा ठेवायचं साधन, ज्याला डायलेटर म्हणतात, तेही दिलं होतं. कसं? वॉर्डात चार नातेवाईक उभे असताना, पिशवीत घालून, ‘हे वापरायचं बरं का’ म्हणून. तिनं ते घरी नेऊन माळ्यावर ठेवलं होतं.

आता त्या उपचारांनी नेमकं होतं काय, ते नीट सांगतो, कारण कॅन्सरच्या आजारी बायकांपैकी आपल्याकडे ह्या बायका फार आहेत. भारतात बायकांमध्ये स्तनाच्या खालोखाल गर्भाशयमुखाचाच कॅन्सर. आणि आता तो लवकर सापडू लागला आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाच्या लोकांनी दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल २०१३ साली आला. साधं पातळ व्हिनेगर लावून, डोळ्यांनी बघून, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकेनं तपासलं तरी ह्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या जिल्ह्यातही डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाची तपासणी शिबिरं गावोगावी होतात, तुमच्यापैकी काहीजणी गेल्याही असतील. म्हणजे बाई वाचते. पुढं वीस-तीस वर्षं जगते. मग ती कशी जगते, हे विचारायला नको का?

शेकाचे किरण गाठीवर पडतात तसे आजूबाजूच्या निरोगी भागावरही पडतात. योनिमार्गाचं अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो. जखम भरताना जशी कातडी आवळते तसं आत होतं. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात, मार्ग अरुंद आणि आखूड होतो. बीजांडांवरही किरण पडल्यानं पाळी कायमची जाते, मग पस्तिशीच्या बाईला पन्नाशीचे त्रास सुरू होतात. अंगातून वाफा, घाम, झोप नाही, चिडचिड. ह्या अवस्थेत संबंध आला तर दुखतं, आग होते, कधी थोडं रक्त दिसतं. रक्त दिसलं की दोघंही घाबरतात, आणि पुन्हा कुणी जवळ जात नाही. न गेल्यानं मार्ग आणखी आवळतो.

म्हणून तो डायलेटर. गुळगुळीत, बोटासारखी नळकांडी असते, लहानापासून मोठ्या मापापर्यंत. शेक संपल्यावर दोन-चार आठवड्यांनी, आतली सूज आणि जळजळ उतरल्यावर, डॉक्टरांनी तपासून ‘आता सुरू करा’ म्हटलं की सुरू करायचं. दाराला कडी लावावी, आडवं पडून गुडघे दुमडावेत, भरपूर वंगण लावून, दीर्घ श्वास सोडताना हळूच आत सरकवावं. पाच-दहा मिनिटं. आठवड्यातून दोन-तीन वेळा. धुऊन, पुसून, कोरड्या डब्यात ठेवायचं. अगदी हलका लालसर डाग दिसला तर घाबरायचं कारण नाही, पण रक्त वाहिलं किंवा दुखणं वाढत गेलं तर थांबायचं आणि आम्हाला दाखवायचं. नवऱ्याशी संबंध सुरू असेल तर तोही ह्याच कामी येतो. हे काही महिने नव्हे, बऱ्याचदा दोन-तीन वर्षं चालू ठेवायला सांगतो.

आणि हो, विधवा बाईला, एकटीला, सत्तरीच्या आजीलासुद्धा हे सांगायचं असतं. कारण मार्ग बंद झाला तर पुढच्या तपासण्याच होऊ शकत नाहीत, आणि रोग परत आला तरी कळायला उशीर होतो. आम्ही बरीच वर्षं विधवांना हे विचारतच नव्हतो. ‘त्यांना काय करायचंय?’ असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. एका आजींनी आम्हाला सुनावलं, “मला नवरा नाही म्हणून अंगही नाही होय?” बरोबर होतं त्यांचं.

कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात पाण्याचं वंगण मिळतं, जेलीसारखं. ते संबंधाच्या वेळी लावायचं. आपल्याकडे पहिला हात खोबरेल तेलाकडे जातो. वाईट नाही, पुष्कळ जणींना बरं वाटतं. पण निरोध वापरत असाल तर तेल चालत नाही, रबर कमकुवत होऊन फाटतं. आत साबण, डेटॉल, कुणी सांगितलेलं कसलं चूर्ण, काहीही नको. हार्मोनचं मलम योनिमार्गात लावायला देतात, पण स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईनं ते आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. शेजारणीला दिलं म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही.

आता एक प्रश्न, जो कुणी मोठ्यानं विचारत नाही पण जो घरं मोडतो. ‘हा रोग कुणामुळे आला?’

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो, हे आता मोबाईलवर सगळ्यांनी वाचलेलं असतं. अर्धं वाचलेलं असतं. मग नवरा बायकोकडे संशयानं बघतो, बायको नवऱ्याकडे. सासरचे म्हणतात, लग्नाआधीचं काहीतरी असणार. एका मुलीला ह्याच कारणानं माहेरी पाठवलं, उपचार अर्धवट असताना. तर पुढचं अर्धंही ऐका. ज्यांचा ज्यांचा संबंध आला आहे, त्यांतल्या बहुतेक सगळ्या माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू भेटतो. बहुतेकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतही नाही. काहीजणींच्या अंगात तो राहतो, आणि राहिल्यावर कॅन्सर व्हायला दहा, पंधरा, वीस वर्षंही जातात. तो केव्हा आला, कुणाकडून आला, हे सांगणारी तपासणी जगात नाही. एकमेकांशी निष्ठेनं राहिलेल्या जोडप्यातही हा कॅन्सर होतो. तेव्हा बायोप्सीचा कागद म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. हे वाक्य आम्ही आता नवरा-बायकोला समोरासमोर बसवून सांगतो, आणि शक्य झालं तर सासूलाही.

कॅन्सर जवळ गेल्यानं लागत नाही. झोपल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, मिठी मारल्यानं नाही. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. गर्भाशयमुखासाठी आतून देतात तेव्हाही उपचार झाल्यावर ते साधन काढून घेतात, मागं काही राहत नाही. अपवाद आहेत. थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सर्गी आयोडीन देतात, तेव्हा काही दिवस अंतर ठेवायला सांगतात. आणि किमोच्या औषधांचा अंश दोन-तीन दिवस, काही औषधांचा त्याहून जास्त, अंगातल्या स्रावांत असतो, म्हणून किमोनंतर किमान तेवढे दिवस निरोध वापरायचा. उपचार चालू असताना गर्भ राहू द्यायचा नाही, ही दुसरी गोष्ट. पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत असं समजू नका, त्यात फसलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. रक्तातल्या प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या असतील तेव्हा संबंध टाळावा. म्हणजे ‘टाळा’ म्हणायच्या वेळा खरंच आहेत, पण त्या मोजक्या आणि मुदतीच्या आहेत. मुदत विचारून घ्या. ‘कधीपर्यंत?’ एवढाच शब्द.

स्तनाच्या कॅन्सरबद्दल थोडं. तिथं दुखणं शरीराइतकंच आरशातलं असतं. शस्त्रक्रियेनंतर कित्येक जणी वर्षभर नवऱ्यासमोर कपडे बदलत नाहीत. नवऱ्याला व्रण दाखवला पाहिजे असा नियम नाही, पण आम्ही म्हणतो, आधी तुम्ही स्वतः बघा, हात लावा. मग कधीतरी ड्रेसिंगच्या वेळी त्याला बोलवा. बरेच नवरे सांगतात की मनात जे चित्र होतं त्याहून हे काहीच नाही. कृत्रिम स्तन, सुती किंवा सिलिकॉनचा, आतल्या कपड्यात बसवता येतो. पुढं पाच-दहा वर्षं ज्या हार्मोनविरोधी गोळ्या चालतात त्यांनीही कोरडेपणा येतो, इच्छा मंदावते. गोळी स्वतःहून बंद करणाऱ्या बायका असतात, आणि कारण विचारलं तर सांगत नाहीत. कारण हे असतं. आम्हाला सांगा, त्यावर उपाय काढता येतो. गोळी सोडणं जिवावर बेतू शकतं.

आपल्या कोकणातला दुसरा मोठा रोग तोंडाचा. तंबाखू, गुटखा, आणि बायकांमध्ये मिश्री. (मिश्री म्हणजे व्यसन नव्हे, दात घासणं, असं आजही ठामपणे सांगणाऱ्या आज्या आहेत. असो.) तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर लाळ गळते, वास येतो, तोंड उघडत नाही, चेहऱ्याचा आकार बदलतो. इथं कुणी शरीरसंबंधाचा विषय काढतच नाही, कारण डॉक्टरांच्या मते त्या भागाचा ह्याच्याशी काय संबंध? पण माणूस जवळ येतो तो चेहऱ्यानं. एक काका पत्नीकडे पाठ करूनच झोपायचे. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “वास येतो, पण मी सवय करून घेतली. ह्यांनी पाठ केली त्याची सवय होत नाही.” खायचा सोडा आणि मीठ घातलेल्या कोमट पाण्यानं दर दोन-तीन तासांनी चूळ, तोंड उघडायचे व्यायाम, रात्री उशाला स्वच्छ फडकं, दुखण्याची गोळी झोपायच्या अर्धा तास आधी. एवढ्यानंही फरक पडतो. आणि दिवा मालवावासा वाटला तर मालवा.

पुरुषांचं बोलायचं तर पुरुष आमच्याकडे येतच नाहीत. ते एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या जाहिरातीतल्या वैद्याकडे जातात. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली की लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसा दुखावतात, कधी कापाव्याच लागतात. नसा वाचवलेल्या असल्या तरी परत पूर्ववत व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. वीर्य बाहेर येत नाही, पण सुखाची संवेदना राहते. हे आधी सांगितलं असतं तर निम्मं दुःख कमी झालं असतं. उपाय आहेत, गोळ्या आहेत, पंप आहे, इंजेक्शन आहे. मात्र एक गोष्ट घरी जाऊन लिहून ठेवा. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणारा, किंवा त्या जातीची नायट्रेटची गोळी घेणारा माणूस असेल, तर त्यानं ताठरतेची गोळी घ्यायची नाही. रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस दगावू शकतो. एक निवृत्त मास्तर मेडिकलमधून अशी गोळी चिठ्ठीशिवाय घेऊन आले होते, खिशात दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी. नशीब, आमच्या नर्सनं खिशातली औषधं दाखवा म्हटलं.

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी लागलेल्या माणसांना आम्ही एवढंच सांगतो. आधी ती रिकामी करा, वर सुती पट्टा बांधा, आणि त्या दिवशी कांदा, वाल, वाटाणे नकोत.

तरुण मुलांबद्दल मात्र घाई करायला लागते, म्हणून हे वेगळं सांगतो. किमो किंवा ओटीपोटावरचा शेक ह्यानं पुढं मूल होण्याची शक्यता कमी होऊ शकते, कधी संपते. मुलाचं वीर्य पहिल्या किमोच्या आधी साठवून ठेवता येतं. एक-दोन दिवसांचं काम. मुलीची बीजं साठवायला साधारण दोन आठवडे लागतात. सोयी मोठ्या शहरांत आहेत, खर्चही आहे. पण उपचार सुरू झाल्यावर हा दरवाजा बहुधा बंद होतो. चोवीस वर्षांच्या एका मुलाच्या वडिलांना आम्ही विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आधी जीव तर वाचू दे, नातवाचं नंतर बघू.” बापाचं काळीज, आम्ही समजू शकतो. पण तो मुलगा शेजारीच बसला होता आणि त्याला कुणी विचारलंच नाही. आता आम्ही मुलाला आधी एकट्याला विचारतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं असं उघड बोलणं आपल्या रीतीत बसतं का? बसवलं होतं की, आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं. दापोली तालुक्यातल्या मुरुडला १८८२ साली जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवलं. नोकरी गेली, पैसा गेला. वाचक पत्रांतून आपले प्रश्न विचारायचे, जे ते घरात, वैद्याला, कुणालाच विचारू शकत नव्हते, आणि कर्वे छापून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. म्हणजे आरोपी दापोलीचा, वकिलाचं मूळ शेजारच्या मंडणगडचं, आणि गुन्हा काय तर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं. खटला ते हरले. आम्हाला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं. कर्व्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला नाव विचारलं नाही. प्रवेशद्वाराशी जी पेटी ठेवली आहे ना चिठ्ठ्यांची, ती कल्पना आम्ही तिथूनच उचलली.

आम्ही काम कसं बदललं, तेही थोडक्यात सांगतो, कारण मागं काही आशाताई आणि नर्सिंगच्या मुली बसल्या आहेत. जॅक ॲनन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात एक पायऱ्यांची रीत मांडली. पहिली पायरी फक्त परवानगी देण्याची. रुग्णाला कळलं पाहिजे की हा विषय इथं काढला तरी चालतो. दुसरी, थोडी माहिती. तिसरी, त्याच्या अडचणीपुरता नेमका सल्ला. चौथी पायरी तज्ज्ञाची. पहिल्या दोन पायऱ्या कुणीही चढू शकतं, डॉक्टरच हवा असं नाही. ‘तुम्हाला काही त्रास आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. आम्ही म्हणतो, “ह्या उपचारांनंतर बऱ्याच जणींना नवऱ्याजवळ जाताना दुखतं, भीती वाटते. तुमचं कसं आहे?” बऱ्याच जणींना होतं म्हटलं की बाई मान वर करते. नातेवाइकांना चहाला पाठवायचं. दार लोटायचं. कार्ड मराठीत, मोठ्या अक्षरांत, मुदतीसकट. आणि लग्न झालेलं आहेच, नवरा आहेच, असं धरून चालायचं नाही. जोडीदार कुणीही असू शकतो, नसूही शकतो.

आमची ती पहिली बाई? तिचं पूर्ण बरं झालं असं सांगता येणार नाही. डायलेटरनं मार्ग काहीसा मोकळा झाला, तपासणी होऊ लागली. पूर्वीसारखा संबंध त्यांना जमला नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीनं १९७० साली सांगितलेला एक स्पर्शाचा व्यायाम आम्ही त्यांना आपल्या पद्धतीनं शिकवला. संबंध करायचाच नाही असं आधीच ठरवायचं, आणि नुसता स्पर्श. पाठीला तेल, पायांना तेल, केसांतून हात. काहीतरी पुरं करून दाखवायचं आहे, हे ओझंच त्यामुळं उतरतं. शिमग्यानंतर ती आली तेव्हा नर्सच्या कानात म्हणाली, “आता पथारी एकच असते.”

आता चिठ्ठ्या.

‘घरात दोन खोल्या, मुलगा-सून, नातवंडं. आम्हाला एकांत कुठून?’ अडचण खरी आहे. मुंबईत उपचाराच्या वेळी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलेल्यांना हे आणखी माहीत असेल, तिथं डोक्यावर छप्पर मिळतं हीच मोठी गोष्ट. सुनेला आणि मुलाला स्पष्ट सांगायला लाज वाटत असेल तर आम्ही सांगतो, “आई-बाबांना दुपारी दोन तास विश्रांती, कुणी दार वाजवायचं नाही.” औषधाच्या कागदावर लिहून देतो. दुपार किंवा सकाळ तशीही बरी, रात्रीपर्यंत अंगात त्राण उरत नाही.

‘पिशवी काढली म्हणजे बाईपण गेलं का? नवऱ्याला कळतं का?’ पिशवी काढल्यावर जखम भरायला साधारण सहा ते आठ आठवडे द्यायचे, मोठी शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे. त्यानंतर संबंधाला हरकत नसते. आत पोकळी राहत नाही, आतडी जागा घेतात. मोठ्या शस्त्रक्रियेत योनिमार्ग थोडा आखूड होतो, तेव्हा बाजूला वळून किंवा बाईनं वर राहून दुखणं कमी करता येतं.

‘माझी इच्छाच मेली आहे. नवरा काही म्हणत नाही. मग उपाय करायलाच हवा का?’ नाही. तुम्हाला त्याचं दुःख नसेल तर काही करायला नको. दुःख असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि मनाची उदासी तपासू. पण नवरा ‘काही म्हणत नाही’ ह्याचा अर्थ त्याला एकदा विचारून घ्या, आम्ही वर सांगितलेल्या कारणासाठी.

‘डायलेटर कुठे मिळतो? दुकानात मागायला लाज वाटते.’ जिथं शेक घेतला तिथल्या नर्सकडे आधी मागा, पुष्कळ ठिकाणी तिथंच देतात. नाही मिळाला तर लिहून मागा, आम्ही माप लिहून चिठ्ठी देऊ. घरातल्या वस्तूंनी काम चालवू नका, जखम होते.

पेटीत अजून बऱ्याच चिठ्ठ्या आहेत, पण सभागृह साडेआठला बंद करायचं आहे आणि लांजा, पालीकडच्यांची गाडी आहे. आम्ही बाहेर पायऱ्यांवर अर्धा तास थांबतो. डॉक्टरबाई उजवीकडे, समुपदेशक डावीकडे, नर्स चहाच्या टेबलापाशी. ज्यांना बोलायचं नाही त्यांनी नुसती चिठ्ठी हातात द्या, पुढच्या महिन्यात फलकावर उत्तर लागेल. नाव घालू नका.